जनावर ज्याला तोंड लावत नाही

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या आमच्या घराच्या फाटकाशी गुलाबी कण्हेर आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ती फार वाढली म्हणून मी तिची छाटणी केली आणि फांद्यांचा ढीग भिंतीबाहेर टाकला. घंटागाडी आली की घेऊन जाईल, असे मनात होते. दोन दिवस गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या वस्तीतल्या विडी वळणाऱ्या अक्कांची शेळी त्या ढिगाजवळ गेली आणि रात्री आठच्या सुमारास खाली बसली ती उठलीच नाही. तोंडातून लाळ गळत होती, पातळ हागवण लागली होती. डॉक्टर आले. त्यांनी विचारले, काय खाल्ले? अक्का म्हणाल्या, "गन्नेरु." डॉक्टर लातूरकडचे, त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. मी घरात होते. मला कोणी बोलावले नाही, आणि शेळी कशाने आजारी आहे हे मला सकाळपर्यंत कळले नाही. पहाटे ती गेली.

अक्का मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. शेळीची भरपाई मी केली, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. "बाई, रोज त्या झाडाखालून जायची ती. कधी तोंड लावलं नाही. मग आजच कसं खाल्लं?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले. उत्तर शोधायला मला बरीच वर्षे लागली. वाटेत आयुर्वेदाचे ग्रंथ, इंग्रजी अमदानीतली न्यायवैद्यकाची पुस्तके, पशुवैद्यकांच्या टिपणवह्या आणि धनगरांच्या गप्पा असे पुष्कळ काही भेटले. पण उत्तर मुळात सोपे आहे. कण्हेरीचे ताजे पान कडू असते आणि त्या कडूपणाने शेळी सावध होते. छाटलेले पान सुकले की त्याचा कडूपणा जनावराला तेवढा जाणवत नाही. विष मात्र पानात जसेच्या तसे राहते. झाड शेळीला रोज बजावत होते. ती सूचना मी कोयत्याने कापून बाहेर टाकली.

आपल्याकडे विषारी झाडांचे ज्ञान नव्हते असे म्हणणे चुकीचे आहे. ते इतके मुरलेले होते की कोणाला ते वेगळे सांगावे लागत नसे. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि माळावर शेळ्यामेंढ्यांचे कळप वर्षभर फिरतात. अशा मुलखात हिरवे राहायचे तर झाडाकडे काटे हवेत, चीक हवा किंवा विष हवे. म्हणून आपल्या माळावर आणि बांधावर टिकलेली झाडे पाहा: रुई, धोत्रा, एरंड, मोगली एरंड, शेर, निवडुंग, घाणेरी, बेशरम. शेतकऱ्याने यातलीच निवडून कुंपणाला लावली. जनावर ज्याला तोंड लावत नाही ते कुंपणाला चांगले, हा त्याचा हिशेब होता आणि तो शेकडो वर्षे खरा ठरला. आज महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर दिसते, तिच्यामागेही हाच हिशेब आहे. पाणी कमी लागते, धूर सोसते आणि मोकाट गुरे खात नाहीत.

या हिशेबाला एक अट होती, आणि ती कोणी लिहून ठेवली नव्हती. जनावर मोकळे हवे, त्याला निवडायला दुसरे काही हवे आणि त्याने आईबरोबर चरत ते शिकलेले हवे. अट मोडली की हिशेब मोडतो. दुष्काळात तो मोडतो, कारण भुकेपुढे चव टिकत नाही. २०१३ आणि २०१९ मध्ये सांगोला-मंगळवेढ्याकडे चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्या काळात माळावर राहिलेली जनावरे एरवी न खाण्यातले खाताना लोकांनी पाहिली. आणि आता तो शहरात, बंद दाराआड मोडतो आहे. जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर चार महिन्यांचे लॅब्राडॉरचे पिल्लू दिवसाचे आठ तास एकटे असते. त्याला दात येत असतात आणि समोर असते ती फक्त कुंडी. त्याला कोणी चरायला शिकवलेले नाही. कंटाळलेले पिल्लू कडू पानही चावते, कारण त्याला खायचे नसते, चावायचे असते.

झाडेही बदलली. पूर्वी अंगणात जे होते त्याला घरात नाव होते. आता नर्सरीतून येणाऱ्या कुंडीवर बहुतेकदा काहीच लिहिलेले नसते, आणि विचारले तर "इनडोअर आहे, पाणी कमी लागतं" एवढेच उत्तर मिळते. डिफेनबेकिया, सिंगोनियम, सायकस, अडेनियम ही सगळी गेल्या दोन-तीन पिढ्यांत घराघरांत शिरलेली पाहुणी. त्यांच्याबद्दल आजीला काही सांगता येत नाही, कारण आजीच्या अंगणात ती नव्हती. जुने ज्ञान जुन्या झाडांचे आणि मोकळ्या जनावरांचे होते. नवी झाडे आणि कोंडलेली जनावरे यांच्याविषयी आपण अजून नीट बोलायलाही लागलेलो नाही. मला या पुस्तकात मुख्यतः सांगायचे आहे ते हे.

या विषयाचा इतिहास पाहायचा तर सुरुवात नावापासूनच करावी लागते. कण्हेरीला संस्कृतात करवीर म्हणतात, आणि हयमारक, अश्वमारक असेही म्हणतात. घोडा मारणारी. हे नाव कोणा तत्त्वज्ञाने दिलेले नाही. ज्याचा घोडा मेला त्याने ते दिले असणार. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषाची दहा अधिष्ठाने सांगितली आहेत. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, सार, डिंक, धातू आणि कंद. झाड विषारी आहे एवढे म्हणून तिथे थांबलेले नाहीत, विष त्याच्या कोणत्या अंगात आहे ते विचारले आहे. आजच्या विषशास्त्रातही पहिला प्रश्न हाच असतो. पुढे रसशास्त्राने उपविषांचा गट मानला. त्यात रुई, शेर-निवडुंगाचा वर्ग, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा येतात. अफू सोडली तर हा गट म्हणजे जवळजवळ सोलापूरच्या माळाचीच यादी आहे. या परंपरेचे बळ तिच्या निरीक्षणात आहे. अडचण अशी की तिचे लक्ष मुख्यतः शोधनावर, म्हणजे विषाचे औषध कसे करावे यावर राहिले. पानफुटी मुतखड्यावर, कोरफड पोटावर, एरंडेल जुलाबाला, या घरगुती समजुती त्याच वळणाच्या. माणसाला औषध म्हणून चालते ते कुत्र्याला अपाय करत नाही, असा चुकीचा निष्कर्ष लोक त्यातूनच काढतात. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक कुत्र्याला जुलाब लावतो.

दुसरी धारा एकोणिसाव्या शतकात आली, ती कोर्टकचेरीच्या वाटेने. मुंबई सरकारचे रसायन विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आय. बी. लायन यांनी भारतासाठी न्यायवैद्यकाचे पुस्तक लिहिले. त्या काळच्या अशा पुस्तकांत जनावरांच्या विषप्रयोगाला मोठी जागा आहे. कातड्यासाठी गुरे मारण्याची प्रकरणे तेव्हा गाजत होती. गुंजेच्या बिया वाटून त्या लगद्याची अणकुचीदार सुई वाळवायची आणि ती गुराच्या कातडीत टोचायची, अशी ती रीत होती. तीच गुंज इकडे सोनाराच्या तराजूत होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एका तोळ्याला शहाण्णव गुंजा, आणि त्यातली एक फोडून चावली तरी लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. अखंड गिळली तर कठीण कवचामुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावली की गिळली, हा प्रश्न डॉक्टर आजही विचारतात तो यासाठी.

त्याच सुमारास विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ आली. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची केली. १९२० मध्ये जयसिंग मोदींचे न्यायवैद्यक आणि विषशास्त्राचे पुस्तक निघाले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये, रामनाथ चोप्रा, बधवार आणि घोष यांचा भारतातल्या विषारी वनस्पतींवरचा ग्रंथ आला, त्यावर आजही कोणी मात केलेली नाही. मराठीत वा. ग. देसाईंचा ‘ओषधिसंग्रह’ आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांची पुस्तके घराघरांत होती. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकरांनी औषधशास्त्राचे शिस्तबद्ध ज्ञान आणि फुलांवरचे प्रेम एकाच लेखणीतून दिले. ‘फुलवा’ वाचून झाडांकडे पाहायला शिकलेल्यांपैकी मीही एक आहे.

पशुवैद्यकाची धारा याला समांतर वाहत होती. परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या शेजारचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय मुंबईकरांच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल झाले. नावातच कळते की तिथला रुग्ण कोण होता. या विद्येची सगळी बांधणी बैल, घोडा, म्हैस यांच्याभोवती झाली, आणि तिने आपल्या भागासाठी मोलाचे काम केले. कोवळ्या ज्वारीचे उदाहरण घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा आपल्याला अभिमान आहे. पण पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या पिकात किंवा कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य वाढलेले असते. भुकेली गाय त्यात शिरली तर काही मिनिटांत धाप लागून कोसळते. वेळेवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने मिळाली तर ती वाचते. खेड्यातल्या अनुभवी पशुधन पर्यवेक्षकाला हे पुस्तक न उघडता ठाऊक असते. घाणेरी खाल्लेल्या गुराच्या यकृतावर परिणाम होतो आणि उन्हात त्याची कातडी सोलवटते. बेशरम खाणाऱ्या शेळीची चाल बिघडते, आणि सुबाभूळ जास्त झाली तर केस गळतात. हे सगळे या धारेने नोंदवले. मांजराबद्दल मात्र तिच्याकडे फार थोडे होते, कारण मांजर दवाखान्यात यायचेच नाही.

मांजराकडे आणि घरातल्या कुत्र्याकडे पाहणारी चौथी धारा अलीकडची आणि परदेशातली आहे. अमेरिकेत इलिनॉय येथे १९७८ मध्ये प्राण्यांसाठी विषनियंत्रण केंद्र सुरू झाले. फोनवरून आलेल्या हजारो प्रकरणांतून त्याने झाडांच्या याद्या तयार केल्या. खऱ्या लिलीच्या परागकणाने मांजराचे मूत्रपिंड निकामी होते हे याच काळात उजेडात आले. तो परागकण अंगाला लागला आणि मांजराने अंग चाटले, तेवढे पुरते. सायकसच्या बिया खाल्लेल्या कुत्र्याचे यकृत जाते, हेही तसेच कळले. या ज्ञानाचे ऋण मोठे आहे आणि ते मी मानते. पण त्या याद्या जशाच्या तशा उचलून मराठीत आणल्या तर काय होते, ते मी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत रोज पाहते. ट्यूलिप, ऱ्होडोडेंड्रॉन, फॉक्सग्लव्ह ही नावे सोलापूरच्या माणसाला घाबरवण्यापलीकडे काही करत नाहीत. बिट्टी, रुई, कळलावी, मोगली एरंड ही त्याच्या दारातली नावे त्या संदेशांत नसतातच.

आणि आपल्या ‘लिली’चे काय? हा शब्द मी चार वर्षे गोळा करत होते. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणारी नाजूक गुलाबी-पांढरी फुले लिली. कोळ्यासारख्या पाकळ्यांची पांढरी फुलेही लिली. मे महिन्यात लाल चेंडूसारखे उमलते ती फुटबॉल लिली. दिवाणखान्यातल्या कुंडीतली पीस लिली. लग्नाच्या गुच्छात येते ती मोठी, सुवासिक ओरिएंटल लिली. कर्दळीलासुद्धा काही लोक कॅना लिली म्हणतात. यातली शेवटून दुसरी मांजरासाठी प्राणघातक आहे. तिचा गुच्छ घरात आला तर फुलदाणीतल्या पाण्यासकट तो मांजरापासून दूर हवा. पीस लिली तोंडाची आग करते, पण सहसा जीव घेत नाही. पहिल्या तिघींच्या कंदांनी उलट्या होतात. कर्दळ निरुपद्रवी. सहा झाडे, एक शब्द आणि चार वेगवेगळे परिणाम. डॉक्टरांना फोनवर "मांजरानं लिली खाल्ली" असे सांगितले तर त्यांनी काय समजायचे? ‘पाम’चा घोटाळा असाच आहे. अरेका पाम निर्धास्त ठेवावा. सायकसला इंग्रजीत सॅगो पाम म्हणतात, पण तो ताडाच्या कुळातला नाहीच आणि कुत्र्यासाठी आपल्या बागेतल्या सर्वांत धोक्याच्या झाडांपैकी एक आहे. त्या सॅगो नावामुळे काहींना तो साबुदाण्याचे झाड वाटतो. आपला साबुदाणा येतो टॅपिओकाच्या कंदापासून.

नावांचा प्रश्न सोलापुरात आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. कण्हेर मराठीत, कणगिले कन्नडमध्ये, गन्नेरु तेलुगूत, कनेर उर्दूत. धोत्रा कन्नडमध्ये उम्मत्ति होतो, तेलुगूत उम्मेत्त. रुई येक्के होते आणि जिल्लेडुही. गुंज गुलगंजी आणि गुरिगिंज. सोलापुरात जन्मलेले आणि २०२५ मध्ये सोलापुरातच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे वेचली आणि कोशांत लावली. नाव हरवले की त्या जिवाची ओळखही हरवते हे त्यांच्या कामातून मला उमगले. अक्कांच्या शेळीच्या रात्री ते पुन्हा उमगले, आणि या वेळी त्याची किंमत शेळीने मोजली.

माझ्या गावाच्या भक्तीचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. सोलापूर सिद्धरामेश्वरांचे गाव. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संक्रांतीची गड्डा यात्रा आणि नंदीध्वज यांवर या गावाचे वर्ष फिरते. महादेवाला धोत्रा, कण्हेर, बिट्टी आणि रुईची फुले वाहतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. विष पचवणाऱ्या देवाला विषाची फुले, यात आपल्या पूर्वजांची समज दिसते. म्हणून आमच्या अंगणांत ही झाडे आहेत आणि ती राहावीत असे मला मनापासून वाटते. ‘विषारी झाडे उपटून टाका’ हा सल्ला या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. रुईवर येणारे पट्टेरी वाघ्या रंगाचे फुलपाखरू आपल्या अळीच्या अंगात तेच विष साठवून पाखरांपासून बचावते. कोकीळ बिट्टीचे फळ खातो आणि त्याला काही होत नाही. त्याने खाल्ले म्हणून आपल्या कुत्र्यालाही चालेल असे समजू नये, पण ते झाड कोणाचे तरी घर आहे हेही विसरू नये.

प्रश्न झाडाचा कमी आणि त्याच्या जागेचा जास्त आहे. निर्माल्य हे त्याचे उदाहरण. सोमवारी पूजा होते, मंगळवारी ती फुले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर जातात आणि मोकाट गाय ती पिशवी फाडते. छाटणीचा कचरा, कुंडीतून काढलेले कंद, फुलदाणीतले पाणी, वाळलेल्या फांद्या पेटवल्यावरचा धूर हे सगळे तसेच. एरंडीच्या पेंडीकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. एरंडेल काढल्यावर विष तेलात जात नाही, पेंडीत राहते. ती पेंड खत म्हणून गुलाबाच्या कुंडीत पडते. तिचा वास कुत्र्याला खाद्यासारखा वाटतो, ते माती उकरते आणि खाते. लक्षणे दिसायला कित्येक तास, कधी एखादा दिवस लागतो, आणि तोवर गुलाबाचा संशय कोणाला येणार? पेंड घालायचीच असेल तर खोल मातीत मिसळून वर जाड थर द्यावा, नाहीतर कुत्र्याच्या घरात ती वापरूच नये.

स्वयंपाकघरही बागेला जोडूनच असते. सोलापूरचा कांद्याचा बाजार मोठा, पंढरपूर-सांगोल्याकडे द्राक्षे आणि बेदाणा. कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांचे मूत्रपिंड बंद पाडतात, आणि अलीकडे त्याचे कारण म्हणून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले जाते. ते चिंचेतही भरपूर असते. म्हणून परसातल्या चिंचेखाली पडलेली बोटुके पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नयेत.

सगळी विषे सारखी नसतात, हे नवख्या वाचकाच्या मनात आधी पक्के बसावे अशी माझी इच्छा आहे. नाहीतर भीती पसरते आणि भीतीतून चुकीचे उपचार होतात. आपल्या घरात याचे एक उदाहरण आधीपासून आहे, ते म्हणजे अळू. खाजरे अळू घशाला का खाजते हे प्रत्येक सुगरणीला माहीत असते, म्हणून ती त्यात चिंच किंवा आमसूल घालते. अळवात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मनीप्लांट, सिंगोनियम, डिफेनबेकिया, अँथुरियम, पीस लिली ही सगळी अळवाचीच भावंडे आणि त्यांच्यात तेच स्फटिक. मांजराने मनीप्लांट चावला तर ते लाळ गाळते, पंजाने तोंड घासते, घरातले घाबरून जातात. तोंड पाण्याने धुवावे, चमचाभर दही चाटवावे, घसा सुजतो का, श्वासाला त्रास होतो का ते पाहावे. बहुतेक वेळा काही तासांत ते सावरते. कण्हेर, बिट्टी, अडेनियम, रुई, पानफुटी यांचे काम वेगळे. ती हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात, आणि तिथे दही, तूप, ताक यांत गेलेला प्रत्येक मिनिट वाया जातो. धोत्र्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, जनावर भ्रमिष्टासारखे वागते. गुंज आणि एरंड आतड्यांवर घाला घालतात, तेही उशिरा. सायकस यकृतावर. लिली मांजराच्या मूत्रपिंडावर. जास्वंद, मोगरा, गुलाब, स्पायडर प्लांट यांची काळजीच करू नये.

मीठपाण्याने उलटी करवण्याची आपली जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. त्याने रक्तातले मीठ वाढून कुत्रे त्यानेच दगावू शकते. चीक गिळलेला असेल तर उलटीने घसा दुसऱ्यांदा भाजतो. आणि झाडाचा संशय आला तरी घरात उंदराचे औषध ठेवले होते का, गुलाबावर काल कीटकनाशक फवारले होते का, हे आधी आठवावे. फुकट बदनाम झालेली झाडे मी पुष्कळ पाहिली आहेत.

डॉक्टरांना काय लागते? झाडाची फांदी, पान-फूल-फळासह, कागदात गुंडाळून, खाल्ल्याची वेळ, जनावराचे वजन, चावले की गिळले. तीन किलोच्या मांजराला आणि चारशे किलोच्या म्हशीला एकच पान सारखे नसते. गावातून सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक लावता येतो. माणसांसाठी दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे. प्राण्यांसाठी, आपल्या भाषेत आणि आपल्या झाडांची माहिती देणारे तसे केंद्र महाराष्ट्रात व्हावे, ही मागणी मी इथे छापील अक्षरांत नोंदवून ठेवते. शिरवळ, उदगीर, परभणी, मुंबई, नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत आणि त्यांच्यामागे २००० साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. माणसे आहेत, विद्या आहे. फोन उचलणारी एक खोली हवी आहे.

ती होईपर्यंत या पुस्तकाने थोडे काम करावे, एवढाच त्याचा आवाका. हा वनस्पतिशास्त्राचा कोश नाही आणि उपचारांची मार्गदर्शिका तर नाहीच. उपचार डॉक्टरांनीच करायचे. यात सोलापूर आणि आजूबाजूच्या कोरड्या मुलखात घर, अंगण, बांध आणि देऊळ यांच्याजवळ खरोखर आढळणारी झाडेच घेतली आहेत. कोकणातली किंवा महाबळेश्वरची, कितीही महत्त्वाची असली तरी, घेतलेली नाहीत. झाडे कुळांनुसार लावलेली नाहीत. ती जिथे भेटतात त्या जागेनुसार लावली आहेत. फाटकाशी, गच्चीवर, खिडकीत, देवघरात, बांधावर, कचऱ्यात. रात्री नऊ वाजता ज्याचे पिल्लू उलट्या करते आहे त्याला झाडाचे कूळ माहीत नसते, जागा माहीत असते. प्रत्येक झाडाची तीन छायाचित्रे दिली आहेत: ताजे, छाटलेले आणि सुकलेले. सुकलेल्या पानाचे छायाचित्र मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेले नाही, आणि ते का लागते ते वाचकाला आता ठाऊक आहे. हाताळणीबद्दल जे सांगितले आहे ते मी स्वतः करून पाहिलेले आहे. हातमोजे घालून छाटणी करणे, चीक डोळ्यात जाऊ न देणे, फांद्या अंगणातच खड्डा करून मातीखाली दाबणे, जाळायचे टाळणे.

फाटकाशी ती गुलाबी कण्हेर अजून आहे. सोमवारी सकाळी अक्का पूजेला चार फुले नेतात. मी त्यांना फुलेच तोडून देते, डहाळी देत नाही. कण्हेरीच्या पानावर चारही भाषांतली नावे छापली आहेत. मुद्रिताच्या वेळी संपादकांनी सुचवले की पुस्तक मराठी आहे, तेव्हा मराठी नाव आधी यावे. बाकी सगळ्या पानांवर ते तसेच आहे. त्या एका पानावर मी पहिले नाव गन्नेरु ठेवले आहे.